प्रज्वलनयंत्रणेतील परिवर्तन : एका घटकाची दोन कार्ये

१

भाषाशास्त्राच्या विभागीय पत्रिकेत जुन्या मोटारगाडीच्या इंजिनाविषयी लेख यावा, हे प्रथमदर्शनी अस्थानी वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच त्याचे प्रयोजन सांगणे इष्ट होईल. सोस्यूरच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानसंग्रहात बुद्धिबळाचा एक दृष्टांत आहे. लाकडी मोहऱ्यांच्या जागी हस्तिदंती मोहरी मांडली, तर खेळात काहीच फरक पडत नाही. परंतु मोहऱ्यांची संख्या कमी-अधिक केली, तर त्या खेळाचे व्याकरणच बदलते. घटकाचे द्रव्य महत्त्वाचे नसून इतर घटकांशी असणारा त्याचा संबंध महत्त्वाचा, हे त्यातील तात्पर्य आपण सर्वजण वर्गात सांगत असतो. पण एखादा घटक प्रत्यक्षात बदलला असता कोणते संबंध टिकले आणि कोणते तुटले, हे नेमके कसे ओळखावे? या प्रश्नाचा विचार करण्यास जुन्या इंजिनाची प्रज्वलनयंत्रणा हे उत्तम उदाहरण आहे. कारण येथे चूक झाल्यास ती वादविवादाने झाकता येत नाही. गाडी बंद पडते.

जुन्या गाडीतील 'पॉइंट' काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसविणे, ही हौशी लोकांत सर्वत्र रूढ झालेली सुधारणा आहे. तिचे स्वरूप, तिचे लाभ आणि तिच्यामुळे येणारी बंधने यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणादाखल ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी मालिकेतील १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन घेतले आहे. १९५५ सालच्या 'एमजीए' या क्रीडागाडीत आणि 'मॉरिस ऑक्सफर्ड'मध्ये ते होते. उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या व २०१४ साली उत्पादन थांबलेल्या ॲम्बॅसडरमध्येही ते दीर्घकाळ होते; त्यामुळे आपल्याकडील कारागिरांच्या हातांना ते चांगले परिचित आहे.

२

प्रथम मूळ यंत्रणा पाहू. पेट्रोल व हवा यांचे दाबलेले मिश्रण पेटविण्यासाठी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडावी लागते, आणि त्यासाठी काही हजार व्होल्टांचा विद्युत्‌दाब लागतो. बॅटरीचा दाब मात्र अवघा १२ व्होल्ट असतो. हे अंतर तोडण्याचे काम कॉइल करते. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची प्राथमिक, आणि बारीक तारेच्या सुमारे शंभरपट वेढ्यांची दुय्यम. प्राथमिक गुंडाळीतून प्रवाह वाहू लागला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. तो प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते, आणि फॅराडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार दुय्यम गुंडाळीत प्रचंड दाब उत्पन्न होतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ठिणगी पडते ती प्रवाह सुरू झाल्याने नव्हे, तर प्रवाह तुटल्याने. बोलताना आपण 'प्लगला करंट मिळत नाही' असे म्हणतो. त्यामुळे बॅटरीतून निघालेला प्रवाह थेट प्लगपर्यंत पोचत असावा, असा समज होतो. वस्तुतः यंत्रणेचे सारे मर्म त्या तुटण्यात आहे.

प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील संपर्कखंडक करतो. कारागिरांच्या तोंडी तो 'पॉइंट' किंवा 'सीबी पॉइंट' असतो. त्याचा एक संपर्क स्थिर असतो, दुसरा एका हलत्या भुजेवर बसविलेला असतो. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यावरील चार उंचवट्यांचा कॅम भुजेला ढकलतो आणि प्रत्येक फेऱ्यात चार वेळा संपर्क उघडतो. संपर्काला समांतर जोडलेला कंडेन्सर असतो. संपर्क उघडू लागताच प्राथमिक गुंडाळीतही स्वप्रवर्तनाने सुमारे ३०० व्होल्टांपर्यंत दाब चढतो आणि तेथील बारीकशा फटीतून प्रवाह उडी मारू पाहतो. तसे झाले तर तुटणे सावकाश होईल, दुय्यम दाब दुबळा पडेल आणि संपर्कही जळतील. कंडेन्सर तो विद्युत्‌भार क्षणभर स्वतःकडे घेतो व फट रुंदावण्यास अवसर देतो. पुढे रोटर हा दाब १-३-४-२ या क्रमाने एकेका सिलिंडरच्या प्लगकडे पाठवितो.

ही रचना मुख्यतः अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याची. १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली आणि त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ जगातील बहुसंख्य पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या.

३

आता 'पॉइंट' या घटकाचे विश्लेषण करू. नाव एक, वस्तू एक. पण कार्ये मात्र दोन आहेत. पहिले कार्य क्षण सांगण्याचे: दट्ट्या अमुक स्थितीत आला, आता ठिणगी हवी, हा संकेत पॉइंट देतो. दुसरे कार्य प्रवाह तोडण्याचे: सुमारे ४ अँपिअरचा प्रवाह तो प्रत्यक्ष खंडित करतो. मराठीतील 'ने' या प्रत्ययाशी याची तुलना करता येईल. 'रामाने चाकूने फळ कापले' या वाक्यात एकच प्रत्यय एकदा कर्ता दाखवितो व एकदा करण दाखवितो. रूप एक असल्याने दोन कार्ये वेगळी आहेत हे विश्लेषणाखेरीज जाणवत नाही. तद्वत पॉइंटच्या एकाच रूपाखाली संकेत आणि क्रिया ही दोन कार्ये एकवटलेली आहेत.

या एकत्र असण्याचे परिणाम व्यवहारात दिसतात. भुजेवरील फायबरचा जो भाग कॅमवर घासतो, तो हळूहळू झिजतो. त्यामुळे संपर्कातील फट कमी होते आणि संपर्क उशिरा उघडू लागतो. म्हणजे ठिणगी मागे पडते. हा संकेताचा दोष झाला. दुसरीकडे प्रवाह तोडून तोडून संपर्काच्या पृष्ठावर खड्डे व उंचवटे तयार होतात, रोध वाढतो, प्रवाह घटतो. हा क्रियेचा दोष झाला. कारागीर दोन्हींवर एकच उपाय करतो: पॉइंट कानशीने घासतो किंवा नवा घालतो, आणि 'सेटिंग' करतो.

या 'सेटिंग' शब्दानेही बराच घोटाळा केला आहे. त्यात तीन भिन्न परिमाणे सामावली आहेत. पहिले फट: ल्यूकासच्या २५डी४ जातीच्या डिस्ट्रिब्युटरला ती ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. दुसरे संपर्ककोन, म्हणजे दांड्याच्या फेऱ्यातील ज्या कोनात संपर्क मिटलेला राहतो तो कोन: चार सिलिंडरांमुळे प्रत्येकाच्या वाट्याला ९० अंश येतात, आणि त्यांपैकी सुमारे ६० अंश संपर्क मिटलेला असावा लागतो. तिसरे ठिणगीचा क्षण, म्हणजे 'टायमिंग'. ही तिन्ही परस्परांत गुंतलेली आहेत. फट वाढविली की संपर्ककोन घटतो आणि ठिणगी अलीकडे येते. फट कमी केली की उलट होते. म्हणून आधी फट व मगच टायमिंग, हा क्रम अनुल्लंघनीय आहे.

टायमिंगच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो, की मिनिटाला ३००० फेरे या गतीला क्रँकशाफ्टचा एक अंश म्हणजे सेकंदाचा १८,००० वा भाग होय. मिश्रण जळण्यास काही अवधी लागतो, म्हणून गती वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने व स्प्रिंगा करतात. इंजिनावरील भाराप्रमाणे लागणारा बदल निर्वात पडदा करतो. या आधी पडण्याला कारागीर 'ॲडव्हान्स' म्हणतात. त्यासाठी 'आगाऊपणा' हा शब्द व्युत्पत्तीने अगदी चपखल असला, तरी तो वापरण्याचे धैर्य होत नाही. येथे 'अग्रता' असा शब्द योजला आहे.

४

इलेक्ट्रॉनिक परिवर्तनाचा अर्थ आता एका वाक्यात सांगता येतो: पॉइंटची दोन कार्ये दोन स्वतंत्र घटकांकडे सोपविणे, हेच ते परिवर्तन होय. संकेताचे काम एक संवेदक करतो, तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. कॉइल, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, प्लग, अग्रतेची वजने हे सारे पूर्ववत राहते. केटरिंगचे तत्त्वही तेच राहते.

आज मिळणाऱ्या पुष्कळ संचांत कॅमवर चुंबक बसविलेले एक कडे चढवितात, आणि पॉइंटच्या जागी हॉल परिणामावर चालणारा संवेदक येतो. विद्युत्‌वाहकाजवळ चुंबकीय क्षेत्र आणले असता त्यात आडवा दाब उत्पन्न होतो, हा शोध एडविन हॉल याने १८७९ साली लावला. म्हणजे १८८६ साली पेटंट मिळालेल्या बेंट्‌सच्या मोटारीहून तो जुना आहे. उणीव होती ती तोडणाऱ्या घटकाची. ट्रान्झिस्टर १९४७ साली निर्माण झाला. १९६३ साली पाँटियॅक गाड्यांना ट्रान्झिस्टरयुक्त प्रज्वलन ऐच्छिक म्हणून मिळू लागले. १९७५ सालापर्यंत अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी पॉइंट जवळजवळ सोडून दिला होता.

या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी होऊन गेली, आणि आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ती फार उद्बोधक आहे. त्या रचनेत पॉइंट काढीत नसत. तो केवळ अल्पसा प्रवाह तोडून ट्रान्झिस्टरला इशारा देई, आणि कॉइलचा मुख्य प्रवाह ट्रान्झिस्टर तोडी. परिणाम असा, की संपर्क जळणे थांबले, पण फायबरची झीज तशीच राहिली. क्रियेचा दोष गेला, संकेताचा दोष उरला. दोन कार्ये खरोखरच भिन्न होती, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

५

या परिवर्तनाने काय साधते आणि काय साधत नाही, याबद्दल मात्र अतिशयोक्ती फार चालते. 'ठिणगी जोरदार होते' हे विधान सर्रास ऐकू येते. ते तपासून पाहू.

ठिणगीची ऊर्जा कॉइलमधील प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. प्राथमिक गुंडाळीचा रोध ३ ओहम मानल्यास १२ व्होल्टांना प्रवाह ४ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. परंतु तो एकदम तेथे पोचत नाही. गुंडाळीच्या स्वप्रवर्तनामुळे हळूहळू चढतो. स्वप्रवर्तनांक ८ मिलिहेन्री धरला, तर पूर्ण प्रवाहाला साठणारी ऊर्जा ६४ मिलिज्यूल होते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीने चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येकीच्या वाट्याला १० मिलिसेकंद येतात आणि त्यांपैकी सुमारे ६.७ मिलिसेकंद संपर्क मिटलेला असतो. तेवढ्या वेळात प्रवाह सुमारे ३.७ अँपिअरपर्यंत चढतो व ऊर्जा ५४ मिलिज्यूलच्या आसपास भरते. ४५०० फेऱ्यांना मिटलेला अवधी ४.४ मिलिसेकंद उरतो आणि ऊर्जा ४२ मिलिज्यूलपर्यंत उतरते.

आता या हिशेबात पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर घाला. कॉइल तीच, दाब तोच, संपर्ककोन जवळजवळ तोच. मग ऊर्जा वाढणार कोठून? नव्या, नीट बसविलेल्या पॉइंटच्या तुलनेत साध्या संचाने ठिणगी जोरदार होत नाही. ती सारखी होते. लाभ आहे तो सातत्याचा. घासणारा भाग नसल्याने टायमिंग सरकत नाही. डिस्ट्रिब्युटरचा दांडा थोडा ढिला झाला असला, तर त्याच्या डुलण्याने पॉइंटची फट फेऱ्यागणिक बदलते आणि ठिणगी पुढेमागे होते. संवेदकावर त्याचा परिणाम पुष्कळ कमी होतो. गाडी सुरू करताना इंजिन सावकाश फिरते, पॉइंटही सावकाश उघडतो आणि तेथे प्रवाहाची ज्योत रेंगाळते. ट्रान्झिस्टर मात्र कोणत्याही गतीला तितक्याच झटक्याने तोडतो. म्हणून थंड इंजिन सुरू होण्यात फरक जाणवतो.

ऊर्जा खरोखरच वाढवावयाची असेल, तर कमी रोधाची कॉइल आणि तिला साजेसा, प्रवाह मर्यादित ठेवणारा संच दोन्ही एकत्र बदलावे लागतात. नुसती कॉइल बदलणे म्हणजे अनर्थाला आमंत्रण होय, हे पुढे दिसेल. तसेच, झिजलेली वजने, ताणलेल्या स्प्रिंगा वा फाटलेला निर्वात पडदा यांपैकी कशाचीही भरपाई संवेदक करू शकत नाही. सदोष अग्रता तो अत्यंत नियमितपणे सदोषच ठेवील.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे परिवर्तन लाकडी मोहऱ्याच्या जागी हस्तिदंती मोहरे ठेवण्यासारखे आहे काय? ठिणगीचा क्षण आणि क्रम यांपुरते पाहिले, तर होय. परंतु पॉइंटचे शेजारच्या घटकांशी आणखीही काही संबंध होते. ते उदार असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नसत. नवा घटक तितका उदार नाही.

पहिला संबंध ध्रुवतेचा. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असे. पॉइंटला प्रवाहाच्या दिशेचे सोयरसुतक नसते, ट्रान्झिस्टरला असते. तारा उलट जोडल्या तर तो तत्क्षणी निकामी होऊ शकतो. दुसरा संबंध दाबाचा. काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक जास्तीचा रोध घातलेला असतो; संचाला मात्र बहुधा बॅटरीचा पूर्ण दाब लागतो, म्हणून त्याची तार त्या रोधाच्या अलीकडून घ्यावी लागते. तिसरा संबंध कॉइलच्या रोधाचा. ३ ओहमसाठी केलेल्या संचाला १.५ ओहमची कॉइल लावली, तर प्रवाह दुप्पट होऊ पाहतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. चौथा संबंध प्लगच्या तारांचा. तांब्याच्या साध्या तारांतून निघणारा विद्युत्‌गोंगाट संवेदकाला चुकीचे इशारे देऊ शकतो. यासाठी रोधयुक्त तारा वापरणे श्रेयस्कर.

पाचवा संबंध काळाचा, आणि तोच प्रस्तुत लेखकास महागात पडला. वडिलांकडून आलेल्या ॲम्बॅसडरमध्ये संच बसविल्यावर काही महिने सर्व सुरळीत चालले. एके दिवशी इंजिन बंद असता गाडीची किल्ली बराच वेळ चालू स्थितीत राहिली. पॉइंट असता तर फार तर कॉइल तापली असती, आणि पॉइंट योगायोगाने उघडा असता तर तेवढेही झाले नसते. त्या संचात मात्र अशा वेळी प्रवाह आपोआप बंद करण्याची सोय नव्हती. त्याच रात्री खंबाटकी घाटात, कोणतीही पूर्वसूचना न देता, इंजिन थांबले. काढलेली जुनी पॉइंटची पट्टी व कंडेन्सर डिकीत एका डब्यात होते. बॅटरीच्या उजेडात ती पट्टी बसविली, फीलर गेज नसल्याने पोस्टकार्डाच्या जाडीने फट अंदाजे ठेवली, आणि गाडी साताऱ्यास पोचली.

या प्रसंगात दोष संचाचा नव्हता. तो समजुतीचा होता. पॉइंट हळूहळू बिघडतो. इंजिन अडखळते, सुरू होण्यास वेळ लावते, चढावर दम टाकते. म्हणजे बिघाडाची नोटीस आधी येते, आणि रस्त्याच्या कडेला कानशीने व बोटांनी दुरुस्तीही होते. ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षे बिघडत नाही, पण बिघडला की पूर्णपणे बिघडतो आणि त्याला हाताने दुरुस्त करता येत नाही. बिघाडाची रीत हाही त्या घटकाचा एक संबंधच होय: यंत्राशी नव्हे, तर यंत्र चालविणाऱ्याशी. परिवर्तनात तो बदलतो, आणि तो बदल कोणत्याही आकृतीत दाखविलेला नसतो.

७

यावरून कामाचा क्रम सहज निघतो. प्रथम जुनी यंत्रणा जुन्या स्थितीतच निर्दोष करावी: दांड्याचा ढिलेपणा, वजनांची हालचाल, पडदा, टोपी, रोटर व तारा तपासाव्यात, नवा पॉइंट घालून टायमिंग-दिव्याने अग्रता मोजावी व नोंदवून ठेवावी. नंतर कॉइलचा रोध मोजावा, बॅटरीचा कोणता ध्रुव सांगाड्याला जोडला आहे ते पाहावे, मध्ये जास्तीचा रोध आहे की नाही हे शोधावे, आणि मगच त्यांस अनुरूप असा संच निवडावा. किल्ली चालू राहिल्यास प्रवाह आपोआप तोडणारा संच मिळत असेल, तर तोच घ्यावा. संच बसविल्यावर टायमिंग पुन्हा दिव्याने जुळवावे. कारण संवेदकाचा क्षण पॉइंटच्या क्षणाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. शेवटी, काढलेली पट्टी, कंडेन्सर, फीलर गेज व एक स्क्रूड्रायव्हर डब्यात घालून गाडीतच ठेवावेत.

हा क्रम पाळणाऱ्याने परिवर्तन अवश्य करावे. ते न करणाराही मागासलेला ठरत नाही. दर काही हजार किलोमीटरांनी पॉइंटकडे लक्ष देणाऱ्यास मूळ यंत्रणा आजही उत्तम साथ देते.

परिभाषेच्या अभ्यासकांना यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 'पॉइंट'ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न आपण नेहमी प्रथम विचारतो. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न असा, की या नावाखाली किती कार्ये आहेत. शब्द 'पॉइंट' राहिला काय किंवा 'संपर्कखंडक' झाला काय, 'संकेत' आणि 'क्रिया' हा भेद ज्याच्या मनात स्पष्ट झाला, त्याचे यंत्रावाचून अडत नाही आणि शब्दावाचूनही अडत नाही. ज्याच्या मनात तो स्पष्ट नाही, त्याच्या हाती उत्तम शब्द व उत्तम संच दोन्ही असले, तरी घाटात त्यांचा उपयोग होत नाही.